आयपी पत्ता कसा वाचावा आणि लहान नेटवर्कची आखणी कशी करावी

संगणक, मोबाइल, प्रिंटर किंवा भिंतीवरचा कॅमेरा यांपैकी कोणालाही नेटवर्कवर काही पाठवायचे असेल, तर पाठवण्याआधी त्याला एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते : ज्याच्याकडे पाठवायचे आहे तो माझ्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर? आत असेल तर माहिती थेट त्याच्याकडे जाते आणि बाहेर असेल तर ती राउटरच्या हवाली केली जाते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसणारे आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे हे तीन रकाने याच प्रश्नासाठी आहेत. पहिले दोन रकाने उत्तर काढण्यासाठी लागतात आणि तिसरा, उत्तर ‘बाहेर’ असे आले तर माहिती कोणाकडे सोपवायची ते सांगतो. हे गणित कागदावर स्वतः करता येऊ लागले की पत्त्यांची आखणी आणि बिघाडांचा शोध या दोन्ही कामांतील अंदाजपंचे कारभार बराचसा थांबतो. त्यासाठी बेरीज-वजाबाकी आणि दोनचे घात एवढेच यायला हवे.

पत्ता म्हणजे ३२ बिट

आज सर्वत्र दिसणाऱ्या आयपीव्ही४ या पद्धतीची व्याख्या जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे नेटवर्क या पद्धतीवर आले. या पद्धतीत पत्ता ही ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांची, एक सलग संख्या असते. माणसाला ती वाचता यावी म्हणून आठ-आठ बिटांचे चार भाग पाडून प्रत्येक भाग दशमान पद्धतीत लिहितात आणि मध्ये टिंबे देतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७. आठ बिटांत शून्यापासून २५५ पर्यंतच्याच संख्या बसतात, त्यामुळे एखाद्या भागात २५६ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो पत्ता असूच शकत नाही.

दशमान आकडा द्विमानात, म्हणजेच बायनरीत, लिहिण्यासाठी १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही आठ वजने ओळीने मांडावीत आणि डावीकडून पाहत जावे. वजन उरलेल्या संख्येत मावत असेल तर त्याखाली १ लिहून ते वजा करावे, मावत नसेल तर ० लिहावे. ७७ मध्ये १२८ मावत नाही, ६४ मावते, उरलेल्या १३ मध्ये ८, ४ आणि १ मावतात, म्हणून ७७ चे रूप ०१००११०१ असे होते. त्याच रीतीने १९२ चे रूप ११०००००० येते. असे चार-पाच आकडे हाताने करून पाहावेत. पुढे रोजच्या कामात द्विमान रूप क्वचितच लिहावे लागते, पण ते एकदाही न लिहिलेल्या माणसाला मास्कची आकडेमोड जादूसारखी वाटत राहते.

मास्क काय करतो

आयपी पत्त्याच्या डावीकडचे काही बिट नेटवर्क कोणते ते सांगतात आणि उरलेले उजवीकडचे बिट त्या नेटवर्कमधील उपकरण कोणते ते सांगतात. फाळणी नेमकी कुठे पडते हे पत्त्यावरून कळत नाही. ते मास्क सांगतो. लँडलाइनच्या दिवसांतील एसटीडी कोड आठवला तर ही रचना चटकन समजते. पुण्याचा कोड ०२० आणि स्थानिक क्रमांक आठ अंकी, तर साताऱ्याचा कोड ०२१६२ आणि स्थानिक क्रमांक सहा अंकी. सुरुवातीचे शून्य सोडले तर दोन्हीकडे बेरीज दहाच. कोड जितका लांब, तितके स्थानिक क्रमांकाला अंक कमी आणि म्हणून ग्राहकही कमी. आयपी पत्त्यात बेरीज दहाऐवजी ३२ असते, एवढाच फरक.

मास्क दोन प्रकारे लिहितात. पत्त्यानंतर तिरकी रेघ देऊन नेटवर्कचे बिट किती ते लिहिणे, जसे /२६, हा एक प्रकार. तितके बिट १ आणि बाकीचे ० धरून तयार होणारी संख्या पत्त्यासारखीच चार भागांत लिहिणे, जसे २५५.२५५.२५५.१९२, हा दुसरा. मास्कमधील सर्व १ डावीकडून सलग असावे लागतात, म्हणून मास्कच्या कोणत्याही भागात ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ यांव्यतिरिक्त दुसरा आकडा येत नाही. २५५.२५५.२५५.२०० असा मास्क कोणी लिहून दिला, तर पुढचे गणित करण्याआधी तो कागद परत करावा.

जुन्या पाठ्यपुस्तकांत ए, बी आणि सी असे पत्त्यांचे वर्ग शिकवतात. त्या व्यवस्थेत फाळणीची जागा पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरूनच ठरत असे. सी वर्गात २५४ उपकरणे मावत आणि बी वर्गात थेट ६५,५३४. त्यामुळे पाचशे उपकरणांच्या संस्थेला बी वर्गाचा गट दिला, तर त्यातले बहुतेक पत्ते पडून राहत. १९९३ मध्ये सायडर ही वर्गविरहित पद्धत आली आणि फाळणी कोणत्याही बिटावर करता येऊ लागली. परीक्षेपुरते वर्ग लक्षात ठेवण्यास हरकत नाही, मात्र प्रत्यक्ष आखणी करताना ते डोक्यातून काढून टाकलेलेच बरे.

नेटवर्कची हद्द काढण्याची रीत

१९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता घेऊ. २६ मधून पहिल्या तीन भागांचे २४ बिट वजा केले की चौथ्या भागात नेटवर्कचे दोन बिट उरतात, म्हणून मास्कचा चौथा भाग १२८ + ६४ = १९२. आता २५६ मधून १९२ वजा करावेत. उत्तर ६४ येते आणि तोच एका नेटवर्कचा आकार. चौथ्या भागात नेटवर्क ०, ६४, १२८ आणि १९२ येथे सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ आणि १२८ यांच्या मध्ये पडतो, म्हणून नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१०.६४ आणि शेवटचा पत्ता १९२.१६८.१०.१२७. यांपैकी पहिला पत्ता त्या नेटवर्कचेच नाव असते आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सर्वांना एकदम उद्देशून पाठवण्यासाठी राखलेला असतो. हे दोन्ही उपकरणांना देता येत नाहीत. त्यामुळे ६५ ते १२६ हे ६२ पत्ते वापरायला मिळतात.

संगणक हेच काम द्विमानात करतो. पत्ता आणि मास्क एकाखाली एक ठेवून जिथे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवतो. ०१००११०१ आणि ११०००००० यांतून ०१०००००० उरते, आणि ते ६४ च आहे. समोरच्याच्या पत्त्यालाही तो आपलाच मास्क लावून पाहतो. दोन्ही उत्तरे सारखी आली तर समोरचा आत, नाहीतर बाहेर. येथे ‘आपलाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण समोरच्याचा मास्क काय आहे हे त्याला कधीच कळत नाही.

फाळणी तिसऱ्या भागात पडली तरी रीत बदलत नाही. १०.२०.३७.५/२० मध्ये तिसऱ्या भागाला चार बिट मिळतात, मास्क २५५.२५५.२४०.० होतो आणि २५६ उणे २४० म्हणजे १६ हा आकार तिसऱ्या भागात मोजावा लागतो. १६ च्या पाढ्यात ३७ च्या आधी ३२ येतात आणि पुढे ४८. म्हणून हे नेटवर्क १०.२०.३२.० पासून १०.२०.४७.२५५ पर्यंत पसरते आणि त्यात ४,०९४ उपकरणे मावतात. या हद्दीत १०.२०.३३.० आणि १०.२०.३५.२५५ हे पत्ते उपकरणांना खुशाल देता येतात, कारण शेवटी शून्य किंवा २५५ असणे म्हणजे राखीव असणे, हा समज केवळ /२४ च्या सवयीतून आलेला आहे.

कोणते पत्ते वापरावेत

३२ बिटांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगभरच्या वाटपाचा मूळ साठा आयाना या संस्थेकडे असे आणि त्यातील शेवटचे पाच /८ गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच विभागीय संस्थांना एकेक देऊन तो संपला. आशिया-पॅसिफिक विभागाचे वाटप ब्रिस्बेन येथील एपीनिक करते आणि भारतात ते काम निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन पाहते. घरात किंवा छोट्या कार्यालयात मात्र यांच्याकडे जाण्याची वेळ येत नाही, कारण आतल्या वापरासाठी तीन खासगी गट फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने मोकळे ठेवले आहेत : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधला गट १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच आहे. १७२.३२ ने सुरू होणारा पत्ता खासगी समजून वापरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

कार्यालयासाठी १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे दोन /२४ गट शक्यतो टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरगुती राउटर बहुधा याच गटांवर येतात आणि एखादा कर्मचारी घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून केलेल्या सुरक्षित खासगी जोडणीने, कार्यालयाला जोडला गेला, की त्याच्या घरचे नेटवर्क आणि कार्यालयाचे नेटवर्क एकाच पत्त्याचे निघतात. मग कार्यालयातील सर्व्हर त्याच्या संगणकाला ‘आत’, म्हणजे स्वतःच्या घरातच, असल्यासारखा वाटतो आणि सापडत नाही. १९२.१६८.४० किंवा १०.६३ असा काहीसा आडवळणाचा गट निवडल्याने हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

खासगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून राउटर नॅट या पद्धतीने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीवर आपला सार्वजनिक पत्ता लावतो आणि कोणत्या पोर्टवर (जोडणी ओळखण्याच्या क्रमांकावर) आलेले उत्तर आत कोणाला द्यायचे याची नोंद ठेवतो. हल्ली सेवा पुरवठादारही ग्राहकाच्या राउटरला अनेकदा खरा सार्वजनिक पत्ता देत नाहीत. त्याऐवजी एप्रिल २०१२ मध्ये खास या कामासाठी राखलेल्या १००.६४.०.०/१० या गटातला पत्ता देतात, जो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत असतो. दुकानातले कॅमेरे घरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आतल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणे, करण्याचा खटाटोप सुरू करण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) वाचावा आणि ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील तर पुढे पुरवठादाराकडे आणखी एक नॅट आहे आणि आपल्या राउटरमध्ये काहीही बदलले तरी बाहेरून येणारी जोडणी आत पोहोचणार नाही. अशा वेळी पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घेणे, आयपीव्ही६ वापरणे किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउड सेवेवर अवलंबून राहणे एवढेच पर्याय उरतात.

एका शाळेची आखणी

समजा एका शाळेला १९२.१६८.४०.०/२४ या गटात संगणक कक्षाचे ४५ संगणक, कार्यालयातील २० उपकरणे, १२ कॅमेरे व त्यांचा एक रेकॉर्डर आणि दोन इमारतींच्या राउटरमधील एक जोडणी बसवायची आहे. सर्वांत मोठी गरज आधी भागवावी. उलट क्रमाने गेल्यास मध्ये फटी पडतात, कारण प्रत्येक गट आपल्या आकाराच्या पटीतच सुरू होऊ शकतो. ६४ आकाराचा गट ३२ पासून सुरू होत नाही. शिवाय प्रत्येक नेटवर्कमध्ये राउटरलाही एक पत्ता लागतो आणि तो मोजायचा राहून जातो.

संगणक कक्षाला गेटवे धरून ४६ पत्ते लागतात, म्हणून /२६ द्यावे आणि चौथ्या भागातील ० ते ६३ हा पट्टा त्याच्या नावे लिहावा. कार्यालयाला २१ लागतात, /२७ मध्ये ३० मिळतात, पट्टा ६४ ते ९५. कॅमेऱ्यांचा हिशेब मात्र सावकाश करावा. बारा कॅमेरे, रेकॉर्डर आणि गेटवे मिळून बरोबर १४ होतात आणि /२८ मध्येही बरोबर १४ च मिळतात. कागदावर हे सुंदर दिसते, पण जिन्यात तेरावा कॅमेरा लावायचे ठरले की सगळी आखणी मोडावी लागते, म्हणून येथेही /२७ द्यावे आणि ९६ ते १२७ हा पट्टा राखावा. राउटरमधील जोडणीला दोनच पत्ते लागतात. तिला /३०, म्हणजे १२८ ते १३१ पुरतात. १३२ पासून पुढचे मोकळे राहते, मात्र त्यात नवे /२६ नेटवर्क हवे असेल तर ते १९२ पासूनच सुरू करता येईल.

आतल्या वापरासाठी खरे तर इतकी काटकसर करण्याचे कारण नाही. खासगी पत्ते फुकट आहेत, आणि संगणक कक्षाला ४० वा, कार्यालयाला ४१ वा, कॅमेऱ्यांना ४२ वा असे स्वतंत्र /२४ दिले तर पत्ता पाहताच उपकरण कुठले ते कळते. प्रत्यक्ष कामात मी हीच रचना सुचवीन. काटेकोर आखणी शिकायची ती अशासाठी, की पुरवठादाराकडून विकत घेतलेले सार्वजनिक पत्ते /२९ किंवा /३० अशा लहानशा गटांतच येतात आणि तेथे एकही पत्ता वाया घालवणे परवडत नाही.

केवळ आकडे वेगळे दिल्याने नेटवर्क वेगळी होत नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. सर्व तारा एकाच साध्या स्विचमध्ये येत असतील तर कॅमेरे आणि कार्यालय एकाच तारेवर राहतात आणि कोणीही आपला पत्ता हाताने बदलून दुसऱ्या गटात शिरू शकतो. खरी विभागणी हवी असेल तर स्विचवर प्रत्येक गटाचा स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) करावा, राउटरवर प्रत्येक व्हीलॅनला त्या त्या गटातला गेटवे पत्ता द्यावा आणि कोणी कोणाशी बोलायचे याचे नियमही राउटरवरच लिहावेत.

पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपीवर सोपवावे. ती सेवा पत्त्यासोबत मास्क, गेटवे आणि डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा) ही माहितीही ठरावीक मुदतीसाठी देते, त्यामुळे हाताने टंकताना होणाऱ्या चुका टळतात. संगणक कक्षात १ हा गेटवे, २ ते ९ प्रिंटरसारख्या कायम पत्त्याच्या उपकरणांसाठी आणि १० ते ६२ डीएचसीपीसाठी अशी वाटणी पुरेशी होते. हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या पट्ट्यात कधीही नसावा. रेकॉर्डरसारख्या उपकरणाचा पत्ता कायम राहावा असे वाटत असेल, तर त्याच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावर) डीएचसीपीमध्येच आरक्षण करणे अधिक चांगले, कारण मग सर्व नोंदी एकाच ठिकाणी राहतात.

आयपीव्ही६ पुरते थोडे

आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असतो आणि तो सोळाच्या पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ हे अंक वापरून) चार-चार अंकांचे आठ गट करून, मध्ये अपूर्णविराम देऊन लिहितात. गटाच्या सुरुवातीची शून्ये गाळता येतात आणि सलग आलेले शून्यांचे गट एकदाच दुहेरी अपूर्णविरामाने दाखवता येतात. त्यामुळे २००१:०डीबी८:०००४:००१०:००००:००००:००००:००२५ हा पत्ता २००१:डीबी८:४:१०::२५ असा आटोपशीर होतो. हद्दीचे गणित येथे जवळजवळ संपतेच, कारण प्रत्येक नेटवर्कला /६४ देण्याचा प्रघात आहे. पुरवठादाराने /५६ दिले तर अशी २५६ नेटवर्क करता येतात. पत्ते मुबलक असल्यामुळे नॅटची गरज राहत नाही आणि प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो. मात्र नॅटमुळे आपोआप मिळणारा आडोसाही त्याबरोबर जातो, म्हणून नको त्या जोडण्या अडवणारे राउटरचे फायरवॉल सुरू असल्याची खात्री आधी करावी. भारतातील मोबाइल सेवांवर आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे. फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहिल्यास तो लांबलचक पत्ता बहुधा दिसेल.

बिघाड शोधताना

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिल्यास पत्ता, मास्क आणि गेटवे दिसतात. अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात तेच सापडते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तर आले नाही आणि संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला असा अर्थ. अशा वेळी केबल, वायफाय किंवा डीएचसीपी सेवा तपासावी. ब्राउझरशी झटापट करून काही निष्पन्न होत नाही. पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येते पण नाव सापडत नाही, तेव्हा दोष डीएनएसचा असतो. काही उपकरणे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून केवळ एका न आलेल्या उत्तरावरून निष्कर्ष काढू नये.

सर्वांत फसवा बिघाड चुकीच्या मास्कचा. वरच्या काटेकोर आखणीतील संगणक कक्षात १९२.१६८.४०.२० या संगणकाला कोणी सवयीने २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला, असे समजा. त्याचा गेटवे १९२.१६८.४०.१ हद्दीतच आहे, त्यामुळे इंटरनेट व्यवस्थित चालते आणि कोणाला शंकाही येत नाही. पण कार्यालयातील १९२.१६८.४०.७० या प्रिंटरवर छपाई पाठवली की काहीच होत नाही, कारण आपल्या मास्कनुसार हा संगणक प्रिंटरला आतला समजतो, गेटवेकडे न जाता स्वतःच्याच नेटवर्कवर ७० क्रमांकाला हाका मारत राहतो आणि त्या तारेवर ७० क्रमांकाचे कोणीही नसते. मग प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा बसवले जातात, केबल बदलल्या जातात, प्रिंटर बंद-चालू केला जातो. बाहेरचे सर्व चालते आणि शेजारच्या विभागातलेच चालत नाही, असे दिसले की आधी दोन्ही उपकरणांचे मास्क कागदावर उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मास्कने दोन्ही पत्ते तपासून पाहावेत.